विचारून सांगतो

माणूस कसा ओळखायचा हे मला कुणी शिकवू नये, असं मी तोक्योला येईपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. उमेदीची सगळी वर्षं पायदळात गेली. शिपाई म्हणून भरती झालो आणि सुभेदार म्हणून पेन्शनीत निघालो. मधल्या काळात साहेब किती आले अन् किती गेले, गणतीच नाही. कुणाच्या मागे डोळे झाकून जायचं आणि कुणाच्या मागे जाताना आपली वाट आपणच बघून ठेवायची, हे पलटणीत लवकर कळतं. माझी परीक्षा साधी होती. आवाज कसा आहे, चाल कशी आहे, आणि प्रश्न टाकला की उत्तर ताबडतोब येतं का. 'थांबा, विचारून सांगतो' म्हणणारा साहेब नशिबी आला की आपलं काही खरं नाही, हे माझं पक्कं मत.

आणि माझा मुलगा सारंग नेमका 'विचारून सांगतो'वाला निघाला.

सारंग तोयोसुला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. राहतो फुनाबोरीला, बायको अनघा, मुलगी ओवी. मी तीन महिन्यांच्या व्हिसावर आलो, तो गणपतीच्या तोंडावर. आल्या आल्या मी त्याला विचारलं, "लोणच्याची ही तेलकट पिशवी कुठल्या कचऱ्यात टाकू?" म्हणाला, "अण्णा, विचारून सांगतो." मला वाटलं, टाळतोय. तर हा पठ्ठ्या खरोखर खाली गेला, बिल्डिंगच्या म्हाताऱ्या केअरटेकरला विचारून वर आला, आणि म्हणाला, "धुतली तर प्लास्टिक, नाही धुतली तर जळणाऱ्या कचऱ्यात." मी कपाळावर हात मारला. फोनवर बोलतानासुद्धा हा कमरेत वाकतो. अरे, समोरच्याला दिसतंय का ते? मी अनघाला म्हणालो, "सूनबाई, याचा कणा इथल्या विमानतळावर जमा करून घेतला की काय?" ती हसली. तो पण हसला. चिडतसुद्धा नाही, हीच पंचाईत.

एक गोष्ट मात्र त्याने चांगली केली होती, आणि तिथेच माझा जीव अडकला होता.

ओवी इथेच जन्मलेली. शाळा जपानी, मैत्रिणी जपानी. फोनवर मी बोलायला लागलो की 'हाय आजोबा' म्हणून पळायची. काही विचारलं तर जपानीत उत्तर द्यायची आणि मी इकडे साताऱ्यात मोबाइल कानाला लावून येड्यासारखा 'हो हो' करायचो. एकुलती एक नात, आणि आमच्यात भाषाच नाही. मग सारंगने मराठी मंडळाच्या पोरांसाठी दर रविवारी वर्ग सुरू केला. नदी ओलांडली की कोतो नावाचा वॉर्ड, तिथे वॉर्डाच्या सार्वजनिक हॉलमधली एक खोली मंडळाला मिळते, अगदी नाममात्र भाड्यात. तिथे ही पोरं बाराखडी गिरवतात, गोष्टी सांगतात. या खेपेला विमानतळावर ओवी पुढे आली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही जेवला का?" मला तिथेच भरून आलं. चार लोकांत नाक शिंकरायची वेळ आली.

तर अशी ही खोली. आणि ती मंडळाच्या अध्यक्षाच्या नावावर असते. अध्यक्ष होत्या शैलजाताई, त्यांच्या नवऱ्याची बदली झाली आणि त्या सिंगापूरला गेल्या. म्हणून मंडळाला नवा अध्यक्ष निवडायचा होता, गणपती झाल्यावर सभेत. आजवर कधी निवडणूक झाली नव्हती; कुणाला तरी गळ घालायची आणि टाळ्या वाजवायच्या, अशी रीत. या वेळी दोघे उभे राहिले. एक सारंग. दुसरा प्रताप.

प्रताप पुण्याचा. कॉलेजात एनसीसी केलेली. मला पहिल्यांदा भेटला तेव्हा टाचा जुळवून म्हणाला, "जय हिंद, साहेब!" आवाज असा की शेजारून जाणारी सायकलवाली बाई दचकली. खांदे सरळ, नजर थेट. मंडळाचं काहीही काम निघालं की याचं एकच उत्तर: "मी बघतो." ढोल पाहिजे? मी बघतो. मूर्ती कस्टममध्ये अडकली? मी बघतो. आणि बघायचाही, खोटं कशाला बोलू. मूर्ती त्यानेच सोडवून आणली.

एका संध्याकाळी तो घरी आला. सारंग ऑफिसात होता, हे त्याला माहीत असणार. म्हणाला, "साहेब, सभेत तुम्ही चार शब्द बोला. सगळ्यांना तुमच्याबद्दल आदर आहे. मंडळाला कसा माणूस हवा, ते तुम्ही सांगा. नाव कुणाचं घ्यायचं ते तुमच्या मनावर."

मी म्हणालो, "नाव घेऊनच सांगतो. मंडळाला तू हवास."

"सारंगला वाईट वाटेल."

"वाटू दे. मुलगा आहे म्हणून त्याच्या हातात पलटण द्यायची का? शब्द दिला तुला."

रात्री जेवताना मी सारंगला तोंडावर सांगितलं. लपवाछपवी आपल्याला जमत नाही. म्हणालो, "तू मुलगा चांगला आहेस, पण अध्यक्ष म्हणून मी तुझं नाव घेणार नाही. अध्यक्षाला ताठ उभं राहता आलं पाहिजे." अनघाने भात वाढता वाढता हात थांबवला. सारंगने ओवीच्या ताटातली मिरची काढली आणि म्हणाला, "बरं, अण्णा. मला एवढंच वाटतं की अध्यक्ष कुणी का होईना, रविवारची खोली सुटता कामा नये. मी उभा राहिलोय तो तेवढ्यासाठी."

"प्रताप बघेल की."

"हो, तो बघेल," सारंग म्हणाला, आणि ताक मागितलं.

गणपती त्याच हॉलमध्ये होते, एका रविवारी, सकाळी बसवायचे आणि संध्याकाळी हलवायचे. हॉलचा नियम होता की आत ज्योत लावायची नाही. सारंगने मला तो निघतानाही सांगितला आणि पोहोचल्यावरही सांगितला. भिंतीवर लाल चित्र पण होतं. आरतीला बॅटरीच्या पणत्या. ताटात त्या पणत्या लुकलुक करताना बघून मला कसंतरीच झालं. बर्फात, चौकीवर, वारा अंगाचं सालटं काढत असताना आम्ही हाताचा आडोसा करून कापूर लावलाय. आणि इथे देवासमोर खेळण्यातले दिवे? मी म्हणालो, "ही काय आरती आहे?"

प्रताप शेजारीच उभा होता. खिशातून कापराची पुडी काढून त्याने माझ्या तळहातावर पालथी केली. "साहेब, तुमच्या हाताने लावा. एवढ्याने काही होत नाही."

"नियम आहे म्हणतात."

"मी बघतो."

झालं! 'मी बघतो' म्हटल्यावर मी कशाला मागे हटतो? सारंग दाराशी चपला-बूट लावत होता, त्याचं लक्ष नव्हतं. मी सगळा कापूर ताटात रचला आणि पेटवला. काय सुंदर ज्योत उठली! मंडळी खूश झाली, टाळ्यांचा जोर वाढला. शेवटच्या कडव्याला पोहोचतोय तोच छतावरून एक बाई जपानीत ओरडायला लागली आणि घंटा सुरू झाली. बाई म्हणजे यंत्र. आग लागली, बाहेर पडा, असं ते यंत्र सांगत होतं.

त्या गोंधळात प्रताप शोभून दिसला, हे मान्य करायला पाहिजे. "धावायचं नाही! बायका-मुलं पुढे! लाइन तोडू नका!" असा आवाज लावला की सगळे सरळ झाले. मी मनात म्हणालो, याला म्हणतात कमांडर. आम्ही रस्त्यावर आलो. पाठोपाठ वरच्या मजल्यावरच्या आजीबाया खाली आल्या. त्या तिथे हवाई बेटांवरचा नाच शिकत होत्या. फुलाफुलांचे झगे, गळ्यात कागदी फुलांच्या माळा, आणि पायात नुसते मोजे. अग्निशामक गाड्या आल्या. सारा मोहल्ला बघायला जमला. आणि माझे चिरंजीव कुठे होते? ते हॉलच्या माणसाची परवानगी काढून आतून त्या आजीबायांचे बूट खोक्यात भरून आणत होते! एकेकीसमोर वाकून बूट ठेवत होते आणि 'सुमिमासेन, सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा', म्हणत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या लोकांत हा माझ्या घराण्याचा वारस, आणि बूट वाटतोय.

आग नव्हतीच, गाड्या परत गेल्या. मग हॉलच्या ऑफिसात बोलावणं आलं. हॉलचे व्यवस्थापक तानाबे-सान, माझ्याच वयाच्या आसपासचे, टेबलामागे उभे होते. प्रताप आणि सारंग आत गेले. मी ओवीचा हात धरून दारात थांबलो. तानाबे-साननी काहीतरी विचारलं. प्रताप लगेच बोलायला लागला. जपानी त्याचं फर्डं आहे. बोलता बोलता त्याने उघडा तळहात माझ्याकडे केला.

मी ओवीला विचारलं, "काय म्हणतोय तो?"

ओवीने कपाळाला आठ्या घातल्या. मराठी जुळवायला तिला वेळ लागतो. "प्रताप काका म्हणतात... हे आजोबा मंडळाचे नाही. पाहुणा आहे. बाहेरचा माणूस. मंडळाने नाही सांगितलं, त्यांनी लावला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, तुम्ही बाहेरचा?"

तळहाताला अजून कापराचा वास येत होता.

तेवढ्यात सारंग बोलायला लागला. हळू आवाज, कमरेत वाकलेला. बराच वेळ बोलला. तानाबे-साननी काही विचारलं, याने 'हाय' म्हणजे 'हो' म्हटलं. परत काही विचारलं, परत 'हो'.

"आणि बाबा काय म्हणतो?"

"बाबा म्हणतो, सेकिनिन्शा मी आहे."

"सेकिनिन्शा म्हणजे कोण?"

ओवी विचार करून म्हणाली, "ज्याला ओरडतात तो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कापूर मी लावला, अन् ओरडा माझ्या पोराने खायचा? मी दोन पावलं आत टाकली आणि छातीवर बोट ठेवून म्हणालो, "मी! मी लावला!" सारंगने वळून माझा हात धरला. "अण्णा, तुम्ही आत्ता गप्प राहा." जन्मात पहिल्यांदा तो मला असं बोलला. आणि मी गप्प राहिलो. का राहिलो, ते मला त्या वेळी कळलं नाही.

दोनेक दिवसांनी अनघा म्हणाली, "सारंगने नाव मागे घेतलं. आता एकटे प्रतापच."

"का?"

"नको म्हणतो. कारण विचारलं तर म्हणतो, सोड ना."

मी भडकलो. ऑफिसातून आल्या आल्या त्याला धरला. "तिथे सगळं अंगावर घेऊन उभा राहिलास, मला जरा बरं वाटलं, आणि आता शेपूट घातलंस? लढायचं तरी! हरला असतास तर हरला असतास!"

"अण्णा, चहा घेणार का?" एवढंच बोलला.

प्रतापचा फोन आला. तो लाजलेला वगैरे अजिबात नव्हता, उलट समजावत होता. "साहेब, राग मानू नका. तुम्ही दोन-अडीच महिन्यांत परत जाणार. ठपका तुमच्यावर राहिला असता तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. मंडळ सुटलं असतं. पाहुण्याचं नाव सांगणं ही चाल होती. सारंगने उगाच भावनेच्या भरात स्वतःवर घेतलं. आणि सभेत तुम्ही बोलताय ना? शब्द दिलाय तुम्ही."

काय सांगू, मला ते पटलं. निम्मं तर निम्मं, पण पटलं. लढाईत अशीच चाल खेळतात. ज्याला काही गमवायचं नाही, त्याला पुढे करायचं. फक्त 'तुम्ही बाहेरचा?' हे काही डोक्यातून जाईना.

शेवटी मी ठरवलं की आपलं नाव आपण जाऊन सांगायचं. मी दोन-अडीच महिन्यांत जाणारच आहे, तर सेकिनिन्शा, म्हणजे जबाबदार माणूस, म्हणून माझं नाव लिहा आणि माझ्या पोराचं खोडा. सारंगचं नाव मोकळं झालं की त्याला परत उभं राहता येईल. मग हरू दे, नाहीतर जिंकू दे. दुपारी शाळा सुटल्यावर ओवीला घेतलं आणि ट्रेनमध्ये बसलो. ओवी म्हणाली, "सॉरी म्हणायला जाताना खाऊ नेतात, आजोबा." म्हणून अनघाच्या बेसनाच्या लाडवांचा डबा घेतला होता.

तानाबे-साननी डबा दोन्ही हातांनी घेतला, वाकले, आणि तसाच परत माझ्या हातात दिला. सरकारी माणूस खाऊ घेत नाही. मग मी वाकलो. कमरेला काही झालेलं नाही माझ्या, पण सवय नाही, जड गेलं. ओवीला म्हणालो, "सांग त्यांना. कापूर मी लावला. नाव माझं लिहा, बाबाचं काढा."

ओवीने सांगितलं. तानाबे-सान हसले नाहीत की रागावले नाहीत. सावकाश, पोरीला कळेल असं बोलले. ओवी थांबत थांबत मला सांगत गेली.

"ते म्हणतात, कुणी लावला ते त्यांना माहीत आहे. बाबाने सांगितलं."

"मग?"

"लावणारा वेगळा. सेकिनिन्शा वेगळा. ते म्हणतात, बाहेरचा माणूस आत येऊन आग लावतो, आणि गटात कुणी त्याचा सेकिनिन्शा नाही... मग अशा गटाला खोली कशी देणार? ते बंद करणार होते. सगळं. संडे स्कूल पण."

मी लाडवांचा डबा घट्ट धरला.

"मग बाबाने विचारलं, मी सेकिनिन्शा झालो तर मुलांचा वर्ग चालू राहील का? ते म्हणाले, राहील. पण मग तुमच्या नावावर एक वर्ष खोली नाही मिळणार. तुम्ही मंडळाचा मोठा माणूस नाही होऊ शकणार, वर्षभर. बाबा म्हणाला, हो. त्यांनी परत विचारलं, नक्की का? बाबा म्हणाला, हो." ओवीने श्वास घेतला. "आजोबा, वर्ग चालू आहे. तुम्ही रडू नका."

रडत होतोच मी. दुसरं काय करणार? दोनदा 'हो' म्हणाला तो माझ्यासमोर, आणि मला वाटलं होतं ओरडा खातोय. विचारून, सगळं समजून घेऊन, मग त्याने अध्यक्षपद टेबलावर ठेवलं होतं आणि त्याच्या बदल्यात पोरांची खोली उचलली होती. घरी येऊन चकार शब्द काढला नाही. वर माझ्याकडून 'शेपूट घातलंस' ऐकून घेतलं. आणि मला गप्प का केलं, तेही आता उमगलं. मी मध्ये पडून बाहेरच्या माणसाचं नाव पक्कं केलं असतं, तर सगळंच गेलं असतं.

परतीच्या ट्रेनमध्ये मला आमचे एक चष्मेवाले कॅप्टन साहेब आठवले. किरकोळ अंगाचे, बोलायला मऊ. वायरलेसवर दहा गोष्टी विचारल्याशिवाय तुकडी हलवायचे नाहीत, आणि आम्ही मागे त्यांची टिंगल करायचो. एका जवानाने शेगडी पेटती ठेवली आणि तंबू जळला. चौकशीला मोठे साहेब आले तर कॅप्टन म्हणाले, "माझी कंपनी, माझा तंबू." त्या जवानाचं नावही घेतलं नाही. त्यांचं प्रमोशन त्या साली लांबलं. ही गोष्ट मला माहीत होती, चांगली माहीत होती. तरी अध्यक्ष निवडताना मी आवाज आणि चाल बघत बसलो. शाबास रे सुभेदार!

सभा त्याच हॉलमध्ये झाली. मंडळाच्या सचिव कल्पनाताई समोर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "उमेदवार एकच आहेत, प्रताप. पण मत देण्याआधी सुभेदार विश्वनाथ निकम काका दोन शब्द बोलणार आहेत."

मी उठलो. प्रताप पहिल्या रांगेत ताठ बसला होता. सारंग मागे दाराशी होता, नेहमीसारखा.

"प्रतापला मी शब्द दिला होता की मी त्याचं नाव घेईन," मी म्हणालो. "तो शब्द मी आज मोडतोय. फौजी माणसाला हे शोभत नाही, पण त्याला इलाज नाही. त्या दिवशी कापूर मी लावला. नियम माहीत असताना लावला. पुडी मला प्रतापने दिली, तो म्हणाला, 'मी बघतो.' मग ऑफिसात विचारलं, जबाबदार कोण, तेव्हा त्याने माझ्याकडे हात केला. म्हणाला, बाहेरचा आहे."

खोलीत चुळबुळ झाली. प्रताप अर्धा उठला. "साहेब, मंडळ वाचवण्यासाठी बोललो मी. आणि खोटं काय बोललो? तुम्ही मेंबर नाहीच आहात."

"नाही ना! सोळा आणे खरं बोललास. पण त्या खऱ्यानेच मंडळ बुडत होतं. तानाबे-सान खोली बंद करणार होते, कारण जबाबदार माणूसच दिसत नव्हता. पोरांचा वर्ग गेला असता. सारंगने नाव दिलं म्हणून राहिला. आणि नाव दिलं म्हणून वर्षभर त्याला अध्यक्ष होता येत नाही. हे त्याला नाव द्यायच्या आधी माहीत होतं. त्याने विचारलं होतं." मी मागे दाराकडे बघितलं. "तुम्ही माझ्याकडे अध्यक्ष कसा निवडायचा हे ऐकायला बसलाय. मला ते येत होतं असं मला वाटायचं. माझ्याच ताटाशेजारी बसून जेवणारा मला ओळखता आला नाही. एवढंच सांगायचं होतं."

मी बसलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं.

मागून कुणीतरी म्हणालं, "मग सारंगलाच करू या ना अध्यक्ष! बुकिंग दुसऱ्याच्या नावावर करू."

सारंग दारातून म्हणाला, "नाही चालणार. अध्यक्षाच्याच नावावर लागतं. मी विचारलंय." सगळे हसले. तो पण हसला.

प्रताप उभा राहिला. त्याचा तो आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. म्हणाला, "मी घाबरलो होतो. वाटलं, कुणाचं तरी नाव दिलं की सुटू. पुडी मी दिली, हे मी तिथे बोलायला हवं होतं." थोडा थांबला. "तुम्हाला दुसरं कुणी हवं असेल तर मी बाजूला होतो."

दुसरं कुणी पुढे आलं नाही. अशा वेळी येत नाही. कल्पनाताईंनी मत घेतलं, हात वर झाले. काही झटकन, काही रेंगाळत. प्रताप अध्यक्ष झाला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्याने चारचौघांत चूक कबूल केली, ते सोपं नसतं. कदाचित चांगला निघेलही. माझी निवड मी मनात केली होती, ती हात मोजून ठरणारी नव्हती, इतकंच.

मग फोटोची गडबड उडाली. प्रताप म्हणाला, "साहेब, तुम्ही मध्ये या." मी म्हणालो, "काढा तुम्ही, मी मंडळाचा नाही." तो ओशाळला. मी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि मागे गेलो.

मागे सारंग एकटा खुर्च्या गोळा करत होता. हॉल जसा घेतला तसा परत द्यायचा असतो. मला बघून म्हणाला, "अण्णा, तुम्ही राहू द्या. कमरेत उसण भरेल."

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. आमच्या फौजेत सुभेदाराच्या मिशा पिकलेल्या असतात आणि समोरचा अधिकारी कालचा पोरगा असतो, तरी सुभेदार त्याला साहेबच म्हणतो. मी टाचा जुळवल्या. किती वर्षांनी जुळवल्या कोण जाणे, पण बरोबर जुळल्या. सॅल्यूट ठोकला. खिडकीपाशी ओवी आणि अनघा बघत होत्या, बघू देत.

"खुर्च्या कुठे लावायच्या, साहेब? हुकूम करा."

सारंग माझ्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते, ओठ हलत होते. हातातली खुर्ची तशीच धरून त्याने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा तानाबे-सानच्या ऑफिसकडे.

"थांबा अण्णा," तो म्हणाला, "विचारून सांगतो."

मी सॅल्यूट उतरवला नाही. तो विचारून येईपर्यंत तसाच उभा राहिलो.